वॉशिंग्टन हाइट्समधले माझे व्याही

न्यूयॉर्कहून परत आल्यावर ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या आमच्या मराठी मंडळींनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी म्हटलं, एक रस्ता पाहिला. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. पण खरंच, त्या बारा दिवसांतला बहुतेक वेळ मी मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टन हाइट्स नावाच्या वस्तीतल्या एका चढाच्या रस्त्यावर काढला. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा विमानातून दिसला असेल तर असेल. मी झोपलो होतो.

माझी मुलगी मृण्मयी, म्हणजे मिनू, तिथे राहते. ती ॲरिझोनात जन्मली, तिथेच वाढली, आता न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिनं लुईसशी लग्न केलं. लुईस हॉस्पिटलात नर्स आहे. त्याचे आईवडील डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन बेटावरच्या देशातून तरुणपणी इथे आले. लग्न आमच्याकडे झालं, तेव्हा व्याही दोनच दिवस आले होते. फोटो, जेवणं, मिठ्या, एवढीच ओळख. मी मार्चमध्ये कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतून निवृत्त झालो आणि जूनमध्ये ठरवलं की आता लेकीचं सासर नीट बघून यावं. बायकोला, सुनंदाला, रजा नव्हती. मी एकटाच निघालो.

शनिवार, व्याह्यांच्या घरी

दुसऱ्याच दिवशी जेवायला बोलावणं आलं. व्याह्यांचं घर मिनूच्या घरापासून दोन बिल्डिंगा सोडून, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा दारात रामोन उभे होते. वय बाहत्तर, पांढरा कडक इस्त्रीचा बुशकोटासारखा सैल शर्ट, फिकट क्रीम रंगाची पँट, चकचकीत बूट, आणि अत्तराचा असा घमघमाट की जिन्यातच कळलं असतं. तीस वर्षं टॅक्सी चालवलेला हा माणूस घरातही असा राहतो.

"कोन्सुएग्रो!" त्यांनी हात पसरले.

या शब्दाचा अर्थ व्याही. मिनूनं सांगितलं तेव्हा मी हरखलो. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. ऑफिसात मी कायम 'माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील' असं लांबण लावून सांगायचो. आणि इथे एका बेटावरच्या लोकांकडे आपल्यासारखाच एका शब्दाचा मान होता. त्या दिवसापासून मी त्यांना 'व्याही' म्हणायला लागलो आणि ते मला 'कोन्सुएग्रो'.

टेबलाशी पुरुष बसले: रामोन, लुईस, मी. विहीणबाई, अल्ताग्रासिया, उभ्याच. उकडून लोण्यात घोटलेली कच्ची केळी, तळलेलं चीज, राजम्यासारखी घट्ट उसळ, भात. मिनू त्यांच्या मदतीला गेली तशी माझी मान खाली गेली. वाईट याचं वाटलं की मला हे अजिबात परकं वाटलं नाही. नागपूरला माझ्या वडिलांचं ताट असंच आधी वाढलं जायचं, आणि आई भिंतीला टेकून बघत राहायची. शेवटी विहीणबाईंनी भाताच्या पातेल्याच्या तळाची खरवड खरवडून काढली आणि सगळ्यात मोठा तुकडा रामोनच्या ताटात ठेवला. दुसरा माझ्या.

जेवताना मी विचारलं, लुईसच्या कामाचं कसं चाललंय. रामोनच उत्तरले, त्यांच्या टॅक्सीवाल्या इंग्रजीत. "गुड. ही वर्क इन हॉस्पिटल."

"नर्स आहे मी, पापी," लुईस म्हणाला. वडिलांना ते लोक पापी म्हणतात.

"हॉस्पिटल," रामोन पुन्हा म्हणाले आणि उसळीचा वाडगा माझ्याकडे सरकवला.

नंतर मिनूनं सांगितलं की 'नर्स' हा शब्द आजवर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. आजारी माणसांना पुसणं, बेडपॅन देणं हे त्यांच्या लेखी बायकांचं काम. लुईस शिकत होता ती दोन वर्षं बापलेक जेमतेम बोलत होते.

रविवार, फुटपाथवर

त्या रस्त्यावर दुपारी चारला एक घडीचं टेबल उघडतं. चार खुर्च्या, डॉमिनोज नावाच्या खेळाच्या पांढऱ्या सोंगट्या, कागदी पिशवीत झाकलेल्या बिअरच्या बाटल्या, शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून येणारं गाणं. सोंगटी ठेवायची नाही, आपटायची. तो आवाज पार कोपऱ्यापर्यंत जातो. भोवती दहाबारा पुरुष उभे. बाई एकही नाही. बायका खिडक्यांतून बोलतात किंवा सामान घेऊन जाता जाता.

रामोन आले की सगळे ओरडतात, "तिगेरे!" म्हणजे वाघ. पण जंगलातला नव्हे. रस्त्यावरचा चलाख माणूस, जो कुणाकडून फसत नाही, कुणापुढे वाकत नाही, आणि जमलं तर बायकांनाही सोडत नाही. एकानं मला डोळा मारत सांगितलं की रामोनचं शेजारच्या ब्रॉन्क्स भागात आणखी एक घर होतं, तिथेही एक मुलगा आहे, आता चाळिशीचा. रामोन हसले. नाकारलं नाही. मला वरच्या मजल्यावर पातेलं खरवडणाऱ्या विहीणबाई आठवल्या आणि मी दुसरीकडे बघितलं. आपल्याकडे अशी गोष्ट कुजबुजत सांगतात. इथे ती पदकासारखी छातीवर होती. बाईच्या वाट्याला काय येतं, यात मात्र मला फरक दिसला नाही.

त्या दुपारी मी आणखी एक पाहिलं. दोन तासांत रामोन पाच वेळा उठले. दर वेळी निमित्त वेगळं. सिगारेट आणतो, फोन करतो, गाडी बघतो. दर वेळी जायचे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात, मागच्या दारानं, आणि येताना कमरेवर हात. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं, कारण ती निमित्तं मीही वर्षभर शोधत होतो.

हे इथे लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली. सुनंदा सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. मंडळात, ऑफिसात, नागपूरला, एवढंच काय मिनूलाही मी सांगितलं होतं, हर्नियाचं ऑपरेशन आहे.

मंगळवार, नदीकाठी

लुईसला सुट्टी होती. तो मला हडसन नदीच्या वरच्या बागेत घेऊन गेला. झाडांमधून खाली रुंद, करडी नदी, पलीकडे खडकांचे उंच कडे. दृश्य सुंदर होतं, पण आम्ही दोघं त्याच्याकडे बघत नव्हतो. बाकावर बसल्यावर तो एकदम म्हणाला, "बाबा, पापीला काहीतरी झालंय." मिनूमुळे तोही मला बाबाच म्हणतो.

आईला वडिलांचे कपडे धुताना रक्ताचे डाग दिसले होते. तिनं नवऱ्याला विचारायची हिंमत केली नाही, मुलाला सांगितलं. लुईस वडिलांशी बोलायला गेला. प्रोस्टेट तपासून घेऊ, म्हणाला.

"मग?"

"त्यांनी ग्लास फेकला. म्हणाले, कुठल्याही पुरुषाचा हात मी तिथे लागू देणार नाही. बोट घालून तपासलं तर मी पुरुष म्हणून उरणार नाही. आणि मला म्हणाले, तुला या गोष्टींची सवय असेल, मला नाही." लुईस नदीकडे बघत होता. "मी रोज अनोळखी माणसांना हे समजावतो, बाबा. दे लिसन टू मी. स्वतःच्या बापाला नाही समजावू शकत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "होईल काहीतरी. वेळ दे." असलं पोकळ वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन. परत येताना तो मला झाडांची नावं सांगत होता आणि मला त्यातलं एकही ऐकू येत नव्हतं.

बुधवार

दुपारी कडक ऊन होतं. डॉमिनोजचा डाव रंगलेला. रामोन जिंकत होते, त्यामुळे उठत नव्हते. मी त्यांच्या समोर, जरा बाजूला उभा होतो. त्यांचा चेहरा एकदम बदलला. हातातली सोंगटी हवेत थांबली. मी खाली पाहिलं. क्रीम रंगाच्या पँटवर एक गडद डाग पसरत होता.

त्यांनी डोळे वर केले आणि ते थेट माझ्या डोळ्यांत आले. एक क्षण. मग त्यांनी टेबलावरची बिअरची बाटली कोपरानं अशी उडवली की सगळी बिअर त्यांच्याच मांडीवर सांडली. ते ताडकन उठले, मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या घालायला लागले. सगळे हसले. कुणीतरी रुमाल दिला. "म्हातारा झाला वाघ!" कुणीतरी ओरडलं. रामोनही हसले, सगळ्यांत मोठ्यानं, आणि घराकडे निघाले.

मी त्यांच्या मागे गेलो नाही. मीही एकदा मंडळाच्या गणपतीत अंगावर मुद्दाम पाणी सांडून घेतलं होतं.

संध्याकाळी लुईस ड्यूटीवरून आला तेव्हा मी म्हटलं, "उद्या मला तुझ्या वडिलांशी बोलायचंय. तू भाषांतर करायचंस. मी जे म्हणेन ते, जसंच्या तसं. 'हे असं म्हणतात' असं म्हणायचं नाही. मी 'मी' म्हटलं की तूही 'मी' म्हणायचं." तो दवाखान्यात रोज हेच बघतो, दुभाषे असंच बोलतात. त्यानं कारण विचारलं नाही.

गुरुवार, गाडीत

न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या दिवशी रस्त्याची एक बाजू झाडण्यासाठी मोकळी करावी लागते. झाडूची मोठी गाडी येईपर्यंत लोक आपापल्या गाडीत बसून राहतात. ती आली की गाडी बाजूला घ्यायची, ती गेली की पुन्हा तिथेच लावायची. नाही तर दंड. निवृत्त रामोनचा हा आठवड्याचा नेम. सकाळी ते गाडीत बसले होते तेव्हा मी शेजारचं दार उघडून आत बसलो. लुईस मागे.

पुढे बघून बोलता येतं, हे गाडीचं फार बरं. मी काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत इंग्रजीत सुरुवात केली.

"दोन वर्षांपूर्वी मला कॅन्सर झाला. प्रोस्टेटचा."

मागून लुईस हळूच म्हणाला, "बाबा?"

"सांग त्यांना."

त्यानं सांगितलं. मला स्पॅनिश येत नाही, पण 'यो' म्हणजे मी, एवढं कळतं. त्याच्या आवाजात ते 'यो' आलं आणि रामोनची मान जराशी वळली.

"मी सगळ्यांना खोटं सांगितलं. हर्निया म्हणालो. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मला लाज वाटली. दहा सेकंद लागले. त्या दहा सेकंदांच्या भीतीनं मी वर्ष घालवलं होतं."

त्याचं सांगून झाल्यावर मी पुढे म्हणालो, "ऑपरेशननंतर पाच महिने मी डायपर वापरले. ते कचऱ्यात टाकताना वर वर्तमानपत्र टाकायचो. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून."

लुईस पुढे झुकला, आणि स्पॅनिशमध्ये, स्वतःच्या आवाजात, म्हणाला की मी रडलो. रामोननी मागचं बघायच्या आरशात पाहिलं. मुलगा आरशात होता. तीस-चाळीस वर्षांत या मुलाला त्यांनी काय काय सांगितलं असेल ते मला ठाऊक नाही, पण पुरुष रडत नाहीत हे नक्की सांगितलं असणार. ते कितीतरी वेळ आरशातून नजर काढेनात.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. दोनच शब्द.

"काय म्हणाले?"

"ते विचारतायत... आणि ते? म्हणजे, बायकोबरोबर."

माझे कान तापले. जावयाच्या तोंडून, जावयासमोर. पण आता मागे फिरायला जागा नव्हती.

"पूर्वीसारखं नाही," मी म्हणालो. "बरंचसं नाहीच. सुनंदाला माहीत आहे. तिनं एकदाही मला कमी लेखलं नाही. मीच लेखत होतो."

लुईसनं हेही सांगितलं. कुठलाही शब्द गाळला नाही, हे मला त्याच्या वाक्यांच्या लांबीवरून कळत होतं. तेवढ्यात मागून झाडूची गाडी गरगरत आली. रामोननी गाडी सुरू केली, बाहेर काढली, चौकातून वळसा घातला, आणि पुन्हा तिथेच, बोटभर अंतर न चुकता लावली. किल्ली काढली. उतरून घराकडे चालते झाले.

लुईस मागच्या सीटवरच बसून होता. तो म्हणाला, "मिनूला माहितीये?"

"नाही."

"टेल हर टुडे, बाबा. मी तिच्यापासून लपवणार नाही."

त्याच दिवशी, मिनूच्या घरी

ती शाळेतून आली, चहा टाकला. मी ओट्याला टेकून सांगितलं. तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आय सेंट यू अ फनी कार्ड," ती म्हणाली. "हर्नियाचे जोक्स. तुला कॅन्सर होता आणि मी तुला जोक्स पाठवत होते."

"चांगलं होतं ते कार्ड."

"डोन्ट!" ती वळली. डोळे भरलेले. "तुला वाटलं मी लहान आहे?"

"नाही गं. मला वाटलं मी लहान होईन."

ती रागावलीच होती, पण जवळ आली. चहा दोघांनीही घेतला नाही. तिचा राग दुसऱ्या दिवशीही गेला नव्हता, आणि तो पूर्ण गेलाय असं अजूनही मला वाटत नाही. तिचा तो हक्क आहे.

सोमवार, दवाखान्यात

तीन दिवस रामोन दिसले नाहीत. डॉमिनोजच्या टेबलावर त्यांची जागा दुसऱ्यानं घेतली होती. मला वाटलं, मी एका अभिमानी माणसाचा अपमान करून ठेवला आणि लेकीच्या सासरी कायमची अढी पाडली. विहीणबाईंनी मात्र रविवारी एका डब्यात गोड भात पाठवला. मिनूच्या हाती दिला आणि तिचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला, असं मिनू म्हणाली.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. रामोन. टोपी, इस्त्रीचे कपडे, अत्तर, जणू लग्नाला निघालेत. "वामोस, कोन्सुएग्रो," ते म्हणाले. चला, व्याही. लुईसनं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. कधी, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

वेटिंग रूममध्ये आम्ही तिघं ओळीनं बसलो. रामोनचा गुडघा सारखा हलत होता. नर्सनं नाव पुकारलं आणि विचारलं, आत सोबत कुणी येणार का. मला वाटलं, ते एकटेच जातील. त्यांनी टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली, लुईसच्या खांद्याला धरून उठले आणि तिला म्हणाले, "माय सन. ही इज नर्स."

लुईसचे कान लाल झाले होते. दार बंद झालं. मी त्या टोपीला दोन्ही हातांनी धरून बसलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले. रामोननी टोपी घेतली, आरशात बघून नीट घातली. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "टेन सेकंड," आणि मान हलवली. हसले नाहीत.

चँडलर

मी मंगळवारी परतलो. रामोनच्या पुढच्या तपासण्या होऊन रिपोर्ट तीन आठवड्यांनी आले. लुईसचा फोन आला तेव्हा मी बाहेर अंगणात होतो, ॲरिझोनाचं ऊन भाजत होतं. कॅन्सर कमरेच्या हाडापर्यंत गेलाय. काढून टाकता येणार नाही. इंजेक्शनांनी रोखून धरता येईल, डॉक्टर काही वर्षं म्हणतायत. त्या इंजेक्शनांनी पुरुषपणाचं रसायनच बंद होतं. अंगातून गरम वाफा येतात, दाढी विरळ होते, छाती मऊ पडते. हे सगळं रामोनना मुलानंच समजावलं, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, आणि त्या वेळी विहीणबाई उभ्या नव्हत्या, रामोननी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली होती. पहिलं इंजेक्शन त्यांनी मुलाच्याच हातून घेतलं.

मी लगेच बोललो असतो तर? नदीकाठच्या बोलण्यानंतर दोन दिवस मी गप्प बसलो, त्यानं फरक पडला नसता, लुईस म्हणतो. पण मंडळातल्या, ऑफिसातल्या, माझ्याच वयाच्या किती जणांसमोर मी दोन वर्षं हर्निया हर्निया करत बसलो होतो, याचा हिशेब मला कुणी देऊ शकत नाही.

फोन ठेवायच्या आधी लुईस म्हणाला, "बाबा, डॉक्टर म्हणाले, मुलांनी आणि भावांनी लवकर तपासून घ्यायला हवं. हे घराण्यात येतं. मी पुढच्या आठवड्यात जातोय. ब्रॉन्क्समधल्या भावालाही मी सांगितलं." जरा थांबला. "तुम्हाला भाऊ आहे ना?"

आहे. वसंता. माझ्याहून चार वर्षांनी लहान, नागपूरला असतो. दर रविवारी आम्ही बोलतो. क्रिकेट, पाऊस, कोण वारलं. दोन वर्षांत मी त्याला हे सांगितलं नव्हतं, आणि त्याच्यासाठी ते सांगणं औषधाइतकं गरजेचं आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फक्त माझी लाज दिसत होती.

संध्याकाळी त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी, वहिनींचा आवाज.

"काय रे दादा, आज रविवार कुठे आहे?"

मी सांगितलं. सगळं. गाडीत सांगितलं होतं तसंच, पण आता मराठीत, आणि मधे कुणी दुभाषा नव्हता. मराठीत ते जास्त जड गेलं.

पलीकडून नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली.

"वसंता?"

"काय बोलून राहिला तू दादा," तो अगदी हळू म्हणाला. "थांब. एक मिनिट."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं. मग खोलीचं दार लावून घेतल्याचा, कडी घातल्याचा आवाज. कुकर, वहिनी, सगळं बंद झालं.

"मलाही सहा महिने झाले," वसंता म्हणाला, आणि बोलायला लागला.